फिजिक्सचे प्राध्यापक, राजापूरचे खासदार

"मास्तर माणसाने राजकारणात पडू नये, त्याचा तिथे टिकाव लागत नाही" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा नीट बसून उत्तर लिहूनच टाकूया म्हटलं. मी स्वतः ज्युनियर कॉलेजला शिकवते, माहेर सिंधुदुर्गातलं, त्यामुळे कोणी असं म्हटलं की माझ्या तोंडून एकच नाव निघतं, प्रा. मधु दंडवते. कोकणात त्यांना नाना म्हणायचे. पाच वेळा सलग खासदार, रेल्वेमंत्री, अर्थमंत्री, आणि त्याआधी पंचवीसेक वर्षं फिजिक्स शिकवणारा माणूस. माझ्या वर्गातल्या मुलांना हे नाव माहीत नाही, आणि ही मुलं सुट्टीला कोकण रेल्वेने गावी जातात, स्लीपरमध्ये झोपून जातात. म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय.

आधी थोडं चरित्र. जन्म 21 जानेवारी 1924, अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. शिक्षणासाठी मुंबईत आले, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून फिजिक्समध्ये एमएस्सी केलं. मधे 42 ची चळवळ आली, त्यात उतरले, त्या वयाची त्या काळातली बरीच हुशार मुलं उतरली तशी. आणि नोकरी धरली ती सिद्धार्थ कॉलेजात. हे कॉलेज बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सुरू केलं होतं, आणि तिथे कोण शिकायला यायचं हे लक्षात घ्या. घरात पहिल्यांदाच कोणीतरी कॉलेजची पायरी चढतंय अशी मुलं, दिवसभर कुठेतरी नोकरी करून शिकणारी मुलं. अशा वर्गापुढे अणू-रेणू, न्यूक्लियर फिजिक्स समजावून सांगायचं म्हणजे पुस्तकातलं वाचून दाखवून चालत नाही. मी शिकवते म्हणून सांगते, हुशार मुलांना शिकवणं सोपं असतं हो, ती तुमच्याशिवायही शिकतातच. खरी मेहनत लागते ती शेवटच्या बाकावर जो दमून बसलाय त्याच्यासाठी. दंडवत्यांचं पुढचं सगळं राजकारण मला याच वर्गातून आलेलं दिसतं आणि मी जे काही सांगणार आहे ते एवढंच आहे, बाकी सगळे पुरावे.

कॉलेज सांभाळून त्यांचं समाजवादी चळवळीतलं काम चालूच होतं. 1955 च्या गोवा सत्याग्रहात ते सत्याग्रहींबरोबर गेले, पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. 1969 साली भूमिमुक्ती आंदोलनात होते. पक्ष म्हणाल तर प्रजा समाजवादी पक्ष, झोपडी निशाणी, कायम पैशाची चणचण आणि कायम तात्त्विक भांडणं. त्या पिढीत महाराष्ट्रात असे प्राध्यापक बरेच होते. पुण्याला फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान अठरा वर्षं विधान परिषदेत होते, तिथे विरोधी पक्षनेतेही झाले. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील रयत शिक्षण संस्थेतले प्राध्यापक, ते विधान परिषदेत, पुढे विधानसभेत, आणि 1978 च्या पुलोद, म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात सहकारमंत्री. तेव्हा प्राध्यापकाने राजकारणात येणं म्हणजे काहीतरी विचित्र असं कोणाला वाटत नसावं. आता वाटतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

1970 ला दंडवते विधान परिषदेवर गेले, पण तिथे जेमतेम वर्षभर. कारण जानेवारी 1971 मध्ये बॅ. नाथ पै अचानक गेले. नाथ पै म्हणजे राजापूर मतदारसंघाचे खासदार, 57, 62 आणि 67 असे तीनदा निवडून आलेले, काय वक्तृत्व होतं त्या माणसाचं, आमच्याकडची म्हातारी माणसं अजून त्यांच्या सभांबद्दल बोलतात. त्यांच्या जागी कोण, तर पक्षाने उभं केलं फिजिक्सच्या प्राध्यापकाला, जो मूळचा कोकणातला नाही, नगरचा आहे. आणि निवडणूक कुठली, तर 71 ची, इंदिराबाईंची, गरिबी हटाओची, ज्या लाटेत भलेभले वाहून गेले. अख्ख्या देशात प्रजा समाजवादी पक्षाचे दोन खासदार निवडून आले, फक्त दोन. एक दंडवते, दुसरे बंगालमधल्या कोंताईचे समर गुहा. आणि हे समर गुहा कोण माहितीये? जादवपूर विद्यापीठात केमिस्ट्रीचे प्राध्यापक! म्हणजे त्या लाटेत या पक्षाचे जे दोघे टिकले ते दोघेही सायन्स शिकवणारे. मास्तरांचा टिकाव लागत नाही म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

राजापूर मतदारसंघ आता नाही. 2008 च्या पुनर्रचनेत तो गेला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. तेव्हाचा मतदारसंघ म्हणजे साधारण दक्षिण रत्नागिरी आणि आताचा सिंधुदुर्ग जिल्हा, जो 1 मे 1981 ला वेगळा झाला. गावात म्हातारी माणसं, बायका आणि पोरं, बाकी कर्ते पुरुष मुंबईला गिरणीत, महिन्याला मनीऑर्डर. माझे वडीलही त्यातलेच. आणि या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा एक इंचसुद्धा रूळ नव्हता. मुंबईहून गावी जायचं तर एसटी, घाटाघाटातून रात्रभर गचके खात, किंवा त्याआधीच्या काळात बोट. मतदारसंघात रूळ नव्हता हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लोकसभेत दंडवत्यांनी नाव केलं ते तयारीच्या जोरावर. नियमांचं पुस्तक तोंडपाठ, मुद्दा कुठल्या नियमाखाली मांडायचा ते पक्कं, आकडे घरून तपासून आणलेले, वर मिश्कील बोलायची सवय, त्यामुळे समोरचा चिडायचा पण ऐकायचा. शिकवणाऱ्याला हे चटकन कळतं. लेक्चरला तयारी न करता गेलं की मुलांना पाच मिनिटांत समजतं आणि एकदा त्यांना समजलं की वर्षभर तो वर्ग तुमचा राहत नाही. संसदेचंही तसंच असणार. तिथे आवाज चढवून एक दिवस निभावतो, वीस वर्षं नाही निभावत.

मग आणीबाणी. 26 जून 1975 ला दंडवते बंगलोरला होते. सोबत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र. सगळे तिथे जमले होते संसदेच्या एका समितीच्या बैठकीसाठी, आणि समिती कसली तर पक्षांतर बंदीच्या विधेयकावरची. कायदा करायला गेलेल्या खासदारांना तिथूनच उचलून बंगलोरच्या सेंट्रल जेलमध्ये टाकलं. दंडवते सुमारे दीड वर्ष आत होते. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई, त्याही समाजवादी कार्यकर्त्या, पुढे 1980 ला मुंबईतून खासदार झाल्या, त्यांना येरवड्याला ठेवलं होतं. नवरा एका राज्यातल्या तुरुंगात, बायको दुसऱ्या राज्यातल्या, आणि दोघांचा संसार पत्रांवर. तुरुंगाच्या सेन्सॉरमधून जाणारी पत्रं! त्या पत्रव्यवहाराबद्दल पुढे बरंच लिहिलं गेलंय. मला त्यातलं काय भिडतं सांगू, सत्तेने आपल्याशी असं वागल्यावर माणूस कडवट होऊ शकतो आणि त्याला कोणी नावंही ठेवणार नाही. हा माणूस बाहेर आला, मंत्री झाला, आणि पहिला विचार कोणाचा केला तर ज्यांना रेल्वेने नोकरीवरून काढलं होतं त्यांचा.

मे 1974 चा रेल्वे संप आठवत असेल मोठ्या माणसांना, जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखालचा, जवळजवळ वीस दिवस चाललेला. तो चिरडला गेला, हजारो लोकांना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. मार्च 1977 ला जनता सरकार आलं, दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि या काढलेल्या लोकांना परत कामावर घ्यायचा निर्णय झाला. आज हे एका ओळीत लिहून होतं. पण तीन वर्षं पगाराशिवाय काढलेल्या घरात ही बातमी पोचली असेल तेव्हा काय झालं असेल, गिरणी संपातलं घर मी आतून बघितलंय म्हणून मला त्याची कल्पना करता येते. आमच्या घरी अशी बातमी कधी आली नाही.

आता तो दोन इंचांचा विषय, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं.

तेव्हा रेल्वेत थ्री टायर स्लीपरचे बर्थ लाकडाचे असायचे, नुसती फळी. कलकत्ता, मद्रास, दिल्ली, दीड दोन दिवसांचा प्रवास फळीवर. फर्स्ट क्लासला गाद्या होत्या अर्थातच. गांधीजींनी थर्ड क्लासच्या हालांवर 1917 सालीच लिहिलं होतं, स्वातंत्र्य मिळून तीस वर्षं झाली होती, सत्तरच्या दशकात थर्ड क्लास हे नाव काढून त्याला सेकंड क्लास म्हणायला लागले, पण फळी तशीच. मंत्री आले गेले, गाड्या वाढल्या, इंजिनं बदलली, फळी काही कोणाला दिसली नाही. कशी दिसणार, जे निर्णय घेतात ते त्या डब्यात झोपतच नाहीत ना. दंडवत्यांनी ठरवलं की या बर्थवर दोन इंच फोम बसवायचा. नव्या डब्यांत तर बसवायचाच, जुन्यांतही हळूहळू बसवत जायचं. त्यामागची भूमिका अशी होती की फर्स्ट क्लासवाल्यांचं काही काढून घ्यायचं नाही, सेकंड क्लासला वर आणायचं.

दोन इंच फोम. ऐकायला किती किरकोळ वाटतं. पण हिशोब करून बघा, वर्षाला किती कोटी माणसं त्या डब्यांतून प्रवास करतात, 1977 पासून आजपर्यंत किती कोटी रात्री झाल्या, किती बाळंतिणी, किती म्हातारे, किती परीक्षेला निघालेली पोरं, किती मुंबईत काम शोधायला आलेले बिहारचे नि यूपीचे मजूर त्या दोन इंचांवर झोपले. स्वतंत्र भारतात एका मंत्र्याच्या एका निर्णयाने इतक्या माणसांच्या शरीराला थेट आराम मिळाला असं दुसरं उदाहरण मला तरी चटकन सुचत नाही. त्याला ना घोषणा लागली, ना पुतळा, ना योजनेला कोणाचं नाव. मी वर म्हटलं ना, शेवटच्या बाकावरचा दमलेला विद्यार्थी, तर हे तेच आहे. वर्गाकडे बघताना नजर पहिल्या रांगेवर न थांबता मागे जायची सवय लागलेली होती आणि ती सवय रेल्वे भवनात गेल्यावरही सुटली नाही. आणि दुसरं, फिजिक्सवाल्याची अजून एक सवय असते, मोठ्या सिस्टीममध्ये नेमकी कुठली छोटी गोष्ट बदलली की सगळ्यात जास्त परिणाम होईल ते शोधायची. कोट्यवधींच्या बजेटमधून नेमकी फळी दिसणं हे मला तसंच वाटतं, हा माझा अंदाज आहे पण मी त्यावर ठाम आहे.

आणि ते जे मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते आता. ज्या मतदारांनी त्यांना निवडून दिलं होतं त्यांच्याकडे रेल्वेच नव्हती! म्हणजे या फोमचा एकही फायदा राजापूरच्या मतदाराला गावी जाताना मिळणार नव्हता. त्यात मतांचं गणित शून्य. तरी केलं.

त्याच वर्षी, 26 डिसेंबर 1977 ला, गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, मुंबई ते हावडा. वेगवान गाडी, आणि तिच्यात फर्स्ट क्लासचा डबाच नाही, सगळे सेकंड क्लासचे प्रवासी. त्याआधी वेगवान गाडी म्हणजे राजधानी, एसी, पैसेवाल्यांची. वेग हा फक्त ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी का असावा, मजुराच्या वेळेला किंमत नाही का, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी भाषणात दिलं नाही, रुळावर गाडी उभी करून दिलं. पुढे गीतांजलीला एसी डबे जोडले गेले तो भाग वेगळा, पण सुरुवात ही अशी आहे आणि ती सांगितली पाहिजे.

कोकण रेल्वेचं काय मग? हा प्रश्न त्यांना मतदारसंघात किती जणांनी विचारला असेल देव जाणे. कोकणात रेल्वे हवी ही मागणी फार जुनी, अ. ब. वालावलकरांनी तिच्या मागे आयुष्य घातलं, नाथ पैंनी संसदेत मांडली. रूळ दिव्याहून पनवेल आणि मग 1966 ला आपट्यापर्यंत आले आणि तिथे थांबले. दंडवते मंत्री असताना आपटा ते रोहा हा पुढचा टप्पा मार्गी लागला. मतदारसंघाचा खासदार रेल्वेमंत्री असून गाडी सावंतवाडीला का नाही आली असं विचारणारे तेव्हाही होते, आमच्या गावातही होते. पण सह्याद्रीतले बोगदे, नद्यांवरचे पूल, पावसात खचणारी जमीन, आणि पैसा कुठून आणणार, हे सव्वादोन वर्षांच्या सरकारात होणारं काम नव्हतंच. जुलै 1979 मध्ये जनता सरकार आपसातल्या भांडणात कोसळलं. दुहेरी सदस्यत्वाचा वाद, म्हणजे जनता पक्षात राहून संघाचंही सदस्य असावं का हा, तीन मोठ्या नेत्यांचे तीन हट्ट, त्यावर मी इथे लिहीत बसत नाही, नुसता संताप होतो. रोह्यापर्यंत गाडी पोचायला 1986 उजाडलं.

पुढची दहा वर्षं विरोधी बाकावर. 1980 ला जनता पक्ष देशात 31 जागांवर आला, दंडवते निवडून आले. 1984 ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत जनता पक्षाच्या देशात 10 जागा आल्या, त्या दहांत दंडवते होतेच. म्हणजे 71 ची लाट, 84 ची लाट, दोन्हीत आमच्या कोकणातल्या मतदाराने या माणसाला सोडलं नाही. तेव्हाच्या प्रचाराच्या ज्या गोष्टी मी घरी ऐकल्या त्यात एसटीने फिरणारे कार्यकर्ते, कोणाच्या तरी पडवीत रात्रीचं जेवण आणि शाळेच्या पटांगणात सभा, एवढंच असायचं. 89 ची निवडणूक मला स्वतःला आठवते, जनता दलाचं चक्र होतं, वाडीतल्या आम्ही पोरांनी भिंतीवर काढलं होतं कोळशाने.

डिसेंबर 1989 ला व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं, दंडवते अर्थमंत्री झाले आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. आणि आता बघा कसं जुळून आलं, रेल्वेमंत्री कोकण रेल्वे करायचीच म्हणून बसलेला आणि तिजोरीची चावी ज्याच्याकडे तो राजापूरचा खासदार. तरी दंडवत्यांनी आपल्या मतदारसंघासाठी तिजोरी उघडी टाकली असं झालं नाही. वेगळं कॉर्पोरेशन काढायचं ठरलं, जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, त्यात रेल्वेचा 51 टक्के वाटा, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळ प्रत्येकी 6, आणि उरलेला पैसा बाजारात बॉण्ड काढून उभा करायचा. रेल्वेचे इंजिनियर ई. श्रीधरन यांच्या हाती काम दिलं. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, 741 किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, करबुड्याचा एकटा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाला. रेल्वेने एवढं मोठं काम सरकारी बजेटच्या बाहेरून पैसा उभा करून केलं, तेही इतक्या कमी वर्षांत, हे त्या काळी नवीनच होतं.

अर्थमंत्री म्हणून त्यांचं मूल्यमापन मात्र मी तितक्या भरभरून करणार नाही. एकच बजेट मांडायला मिळालं, मार्च 1990 चं. त्यात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करायचं ठरलं, आणि हे फार चांगलं केलं, कारण त्या 1968 च्या कायद्याने सोन्याची तस्करी काही थांबली नव्हती, छोटे सोनार मात्र हैराण झाले होते. इन्कमटॅक्सची मर्यादा 18 हजारांवरून 22 हजार केली, पगारदारांना बरं वाटलं. आणि शेतकऱ्यांची, कारागिरांची 10 हजारांपर्यंतची कर्जमाफी. हे जनता दलाचं निवडणुकीतलं वचन होतं, पाळलं. पण याने बँकांच्या वसुलीची शिस्त बिघडली ही टीका तेव्हाही झाली, आणि माझंही मत तसंच आहे, ज्याने वेळेवर फेडलं त्याच्या मनात आपण वेडे ठरलो ही भावना राहते ती वाईटच. शिवाय तिजोरीची अवस्था आधीपासूनच नाजूक, त्यात ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेल महाग झालं, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारच पडलं. 91 चं जे परकीय चलनाचं संकट आलं त्याचं खापर एकट्या दंडवत्यांवर फोडणं बरोबर नाही, ते वर्षानुवर्षांच्या उधारीचं होतं. पण रेल्वे खात्यात जशी त्यांना नेमकी जागा सापडली तशी अर्थखात्यात सापडायला ना वेळ मिळाला ना स्थिर सरकार मिळालं.

आणि मग 1991. राजापुरात दंडवते हरले. वीस वर्षांनी. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले.

यावर आमच्या घरात खूप वेळा बोलणं झालंय. काय झालं नेमकं? एक तर शिवसेना कोकणात जोरात वाढत होती. मुंबईला गेलेला चाकरमानी पूर्वी गिरणीच्या युनियनमधून समाजवाद घेऊन गावी यायचा, तो आता शाखेतून शिवसेना घेऊन यायला लागला, कारण 82 च्या संपानंतर गिरण्याच उरल्या नव्हत्या, युनियनही नव्हत्या. नाथ पै आणि दंडवते ज्या जमिनीवर उभे होते ती परळ-लालबागमध्येच खचली होती, कोकणात त्याचा परिणाम उशिरा दिसला. दुसरं, मंडल आणि मंदिर या दोन विषयांनी बाकी सगळे विषय गिळले होते. तिसरं, समाजवाद्यांनी पुढची फळी तयार केली नाही, दंडवत्यांनंतर कोण याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, आणि हा दोष त्यांच्याकडेही जातो. इतक्या चांगल्या शिक्षकाने आपल्यामागे मतदारसंघात राजकारणातले विद्यार्थी का नाही घडवले हे मला खरंच कळत नाही. ज्या पक्षात दर चार वर्षांनी फूट पडते तिथे कोण टिकणार, असंही असेल.

मला लागतं ते हे की कोकण रेल्वेचं काम सुरू झालं आणि तेव्हाच त्यांना पाडलं. पहिल्या गाडीने गावी जाताना आमच्या डब्यात सगळे खिडकीला चिकटून बोगदे मोजत होते, आनंदाने आरडाओरडा चालला होता, वडील म्हणाले, नाना निवडून यायला हवे होते. मालवणीत म्हणाले, आणि दोन दिवस पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पुढे याच राजापूरने सुरेश प्रभूंना निवडून दिलं आणि तेही नंतर, 2014 ला, रेल्वेमंत्री झाले. ज्या मतदारसंघात कित्येक वर्षं रूळ नव्हता त्याच्या खासदारांपैकी दोघे रेल्वेमंत्री झाले, याचं आम्हा कोकणातल्या माणसांना अप्रूप आहे.

91 नंतर दंडवते पुन्हा लोकसभेत आले नाहीत. 1996 ते 98 नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, लिहीत होते, व्याख्यानं देत होते. 12 नोव्हेंबर 2005 ला मुंबईत गेले. देहदान केलं, जे. जे. हॉस्पिटलला. सावंतवाडी टर्मिनसला त्यांचं नाव द्यावं अशी मागणी आमच्याकडे बरीच वर्षं चालू आहे, माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे, पण नाव दिलं आणि टर्मिनसचं काम रखडलं तर त्याला अर्थ नाही. त्यांच्या नावाच्या स्टेशनवर पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास आणि बसायला नीट बाक हवेत.

आता मूळ प्रश्न, मास्तरांनी राजकारणात जावं का. आपल्या घटनेने तर त्यासाठी दार ठेवलंय. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघ आहेत, पदवीधर मतदारसंघ आहेत, महाराष्ट्रात दोन्ही मिळून 14 जागा. या जागांवर काय चाललंय ते आपण बघतोच आहोत. शिक्षक मतदारसंघात पैठण्या नि पाकिटं वाटल्याच्या बातम्या येतात तेव्हा मला शिक्षक म्हणून लाज वाटते. ही दारं ज्यांच्यासाठी होती ती माणसं आता दाराशीच जात नाहीत, कारण निवडणुकीचा खर्च झेपत नाही, कॉलेजमध्ये निम्म्या जागा कंत्राटी, तासिका तत्त्वावर शिकवणारा पोरगा आपलं घर चालवेल का निवडणूक लढवेल? दंडवत्यांना कायमची नोकरी होती, चळवळीत भाग घेतला म्हणून कॉलेजने काढून टाकलं नाही, सत्याग्रहाला जाऊन परत येऊन शिकवता आलं. ही सोय होती म्हणून ती माणसं राजकारणात येऊ शकली. आजच्या तरुण प्राध्यापकांनी राजकारणात यावं असं वाटत असेल तर आधी त्यांना पूर्ण पगाराची पक्की नोकरी द्या, मला तरी पहिली पायरी हीच दिसते.

आणि लोकांनी, म्हणजे आपण, खासदाराला विचारायचे प्रश्न बदलले पाहिजेत. लग्नाला आला का, बाराव्याला आला का, हे विचारून झालं की विचारा, संसदेत किती वेळा बोललास, काय तयारी करून बोललास. संसदेच्या डिजिटल लायब्ररीत जुन्या चर्चा वाचायला मिळतात, मी माझ्या अकरावीच्या मुलांना दंडवत्यांची रेल्वे बजेटची भाषणं काढून देणार आहे, फिजिक्सवाल्यांना आधी. कोणी वाचून काही लिहिलं तर परवानगी घेऊन इथे टाकेन. आणि प्रधान सरांवर नि एन. डी. सरांवर वेगळी पोस्ट लिहायची आहे, एन. डी. सरांच्या सभा कोणी प्रत्यक्ष ऐकल्या असतील, विशेषतः कोल्हापूरच्या टोल आंदोलनातल्या, तर मला जरूर कळवा.